तुसाची राख टाकली आणि ब्लॉक कच्चे राहिले: टक्का ठरवण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सिमेंटचे पोकळ ब्लॉक बनवतात. भातगिरणीच्या बॉयलरमधली तुसाची राख फुकट मिळते म्हणून त्यांनी २० टक्के सिमेंट कमी करून तेवढी राख टाकली. मिक्स एकदम कोरडं पडलं, पाणी वाढवावं लागलं, आणि ७ दिवसांनी ब्लॉकचे कोपरे हातात येतायत. आता अंड्याची टरफलं आणि कॉफीचा वापरलेला चोथासुद्धा वाळवून दळून टाकायचा विचार आहे, तर कशाचं प्रमाण किती ठेवू, असं त्यांनी विचारलंय.

टक्क्याचा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं आणि मी दरवेळी आधी एकच उलट प्रश्न विचारतो, की ही वस्तू मिक्समध्ये जाऊन काम काय करणार आहे? शेतातून किंवा स्वयंपाकघरातून आलेला कचरा काँक्रीटमध्ये तीनच कामं करू शकतो. एकतर तो सिमेंटसोबत रिअ‍ॅक्ट होऊन स्वतः बांधणारा पदार्थ होतो, किंवा बारीक पावडर म्हणून रिकाम्या जागा भरतो, नाहीतर वाळू, खडी किंवा तंतूची जागा घेतो. तुमच्याकडच्या तिन्ही वस्तूंची कामं तीन वेगळी आहेत. तुम्ही तिन्हींना सिमेंटच्या जागी धरताय, घोटाळा तिथे झालाय. टक्का २० चा १५ केलात तरी ब्लॉक थोडा कमी वाईट होईल, चांगला होणार नाही.

आधी राखेचं बघू, कारण खरा दम तिच्यातच आहे. साधा हिशोब सांगतो, १००० किलो भात भरडला की साधारण २०० किलो तूस निघतं आणि ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख उरते. नीट जळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. दुसऱ्या कुठल्या पिकाच्या कचऱ्यात इतकी सिलिका सहसा नसते, भाताचं रोप जमिनीतून सिलिका ओढतं आणि तुसात साठवतं म्हणून हे. सिमेंट पाण्याशी रिअ‍ॅक्ट होतं तेव्हा ताकद देणाऱ्या जेलसोबत भिजलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडसुद्धा तयार होतं, घट्ट झालेल्या पेस्टमध्ये ते ढोबळ मानाने एक-पंचमांश असतं. हा चुना ताकदीत फारशी भर घालत नाही. सिलिका त्याला पकडते आणि त्याचंही जेल बनवते, यालाच पोझोलानिक रिअ‍ॅक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकातच तुसाच्या राखेपासून सिमेंट बनवण्याचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा ही काल-परवाची हौस नाही, पन्नास वर्षं लोक यावर काम करतायत.

पण एक अट आहे आणि तीच तुमच्याकडे हुकलीये असं मला वाटतं. सिलिका अस्फटिक पाहिजे, म्हणजे काचेसारखी, आतली रचना विस्कटलेली. तूस साधारण ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, हवा भरपूर मिळत असताना जळलं तर तशी सिलिका मिळते. ८०० च्या वर गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं तर तिचे स्फटिक बनायला लागतात, आणि स्फटिक झालेली सिलिका चुन्याकडे ढुंकूनही बघत नाही, ती जवळजवळ वाळूसारखी पडून राहते. उलट हवा कमी पडली तर कार्बन न जळता राखेतच राहतो. बॉयलर चालवणाऱ्याला वाफ पाहिजे असते, राखेचा दर्जा हा त्याचा विषयच नाही, त्यामुळे एकाच बॉयलरमधून एका आठवड्यात दोन वेगळ्या राखा निघताना मी बघितल्यात.

राख हातात घेऊन बघा. कोळशासारखी काळी आणि बोटाला काळं लावणारी असेल तर कार्बन जास्त. करडी किंवा पांढरट असेल तर कार्बन बराच जळालाय. गुलाबी झाक असेल तर मी सावध होतो, बहुतेक वेळा ती राख फार तापलेली निघते. तुसाचं होडीसारखं टरफल जर राखेत जसंच्या तसं दिसत असेल तर ती दळलेली नाहीये हे उघड आहे. तुमचं मिक्स कोरडं पडलं त्याचं कारणही हेच. तुसाची राख भिंगाखाली बघितली तर मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते, सगळी भोकंच भोकं, ती पाणी पिऊन बसते. शिवाय तुम्ही वजनाने बदली केलीत. सिमेंटची घनता ३.१५ धरतात आणि या राखेची २.१ ते २.२ च्या आसपास, म्हणजे १ किलो सिमेंट काढून १ किलो राख टाकली की पावडरचं आकारमान जवळजवळ दीडपट होतं, आणि तेवढी सगळी पावडर ओली करायला पाणी लागतंच. मग तुम्ही पाणी वाढवलंत. पाणी वाढलं की ताकद पडते, तिथे राखेचा दोष कमी आणि पाण्याचा जास्त.

आता लॅबशिवाय करता येईल अशी एक तपासणी सांगतो, मी अजूनही नवीन राख आली की पहिल्यांदा हीच करतो. राख पिठासारखी बारीक दळा आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल तेवढीच घ्या. एक भाग विरवलेला चुना आणि दोन भाग राख वजनाने घेऊन दाट पेस्टपुरतं पाणी घाला, कपात भरा आणि तोंड घट्ट बंद करून उबदार जागी आठवडाभर ठेवा. शेजारी दुसरा कप ठेवा, त्यात राखेऐवजी तेवढीच बारीक दळलेली वाळू. आठवड्याने दोन्हींत खिळा टोचून बघा. राख चांगली असेल तर खिळा अडतो, खरवडावं लागतं, आणि वाळूचा कप मात्र लोण्यासारखा मऊ असतो. दोन्ही कप सारखेच मऊ निघाले तर ती राख सिमेंटची जागा घेणार नाही, तिला फिलर, म्हणजे नुसती जागा भरणारी पावडर, समजा. हा काही मानक चाचणीला पर्याय नाही, पण पुढचे तीन महिने वाया जाण्यापासून वाचवतो.

मानक चाचणीच करायची असेल तर एएसटीएम सी ६१८ या अमेरिकन मानकात नैसर्गिक पोझोलानसाठी, म्हणजे चुन्याशी अशी रिअ‍ॅक्शन करणाऱ्या पदार्थांसाठी, जी मोजमापं आहेत ती तुलनेसाठी सोयीची पडतात. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि आयर्न ऑक्साइड मिळून निदान ७० टक्के. जाळल्यावर कमी होणारं वजन, म्हणजे लॉस ऑन इग्निशन, जास्तीत जास्त १० टक्के. आणि २० टक्के सिमेंट बदलून केलेल्या मॉर्टरची (सिमेंट-वाळूच्या मसाल्याची) ताकद ७ किंवा २८ दिवसांना साध्या मॉर्टरच्या निदान ७५ टक्के. तुमच्या राखेचं सगळ्यात आधी लॉस ऑन इग्निशन काढून घ्या, कारण ते स्वस्तात होतं. वाळवलेली १०० ग्रॅम राख भट्टीत ७५० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत ठेवली आणि ८५ ग्रॅम उरली तर १५ टक्के वजन गेलं, आणि गेलं ते बहुतेक न जळलेला कार्बनच. अशी राख मी सिमेंटच्या जागी घेत नाही. तो कार्बन पाणी तर पितोच, वर तुम्ही टाकलेलं अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे मिक्समध्ये थोडंसं घालायचं रसायन, तेही शोषून घेतो, मग लोक म्हणतात की प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिक्स मऊ ठेवणारं रसायन) खराब निघाला.

दळणं हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. चांगली जळलेली राखसुद्धा न दळता टाकली तर निराशाच करते, आणि तीच राख बॉल मिलमध्ये दळली की भोकांची जाळी मोडते, पाण्याची मागणी उतरते आणि रिअ‍ॅक्शनला पृष्ठभाग मिळतो. दळून, थोडा सुपरप्लास्टिसायझर वापरून आणि पाणी-सिमेंट प्रमाण न वाढवता १० ते १५ टक्के बदली ही बहुतेक चांगल्या राखांसाठी सुरक्षित जागा आहे. दळताना मात्र धूळ नाकात जाऊ देऊ नका, साधा कापडी रुमाल चालणार नाही, नीट बसणारा धुळीचा मास्क पाहिजे. जास्त तापलेल्या राखेत स्फटिक सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तुमच्याकडे जी माणसं पोती ओततात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कृपा करून टाळू नका.

उसाच्या चिपाडाची राख कोणाला मिळत असेल तर तिचं गणित थोडं वेगळं असतं. तिच्यात शेतातली माती आणि वाळू बरीच येते, म्हणजे सिलिका जास्त दिसते पण त्यातली काही नुसती क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिक वाळू, असते. आणि अर्धवट जळलेल्या चिपाडाचे काळे तंतू असतात. ते तंतू जाड असल्यामुळे ३०० मायक्रॉनच्या चाळणीने बरेचसे वेगळे काढता येतात, आणि मग उरलेलं दळायचं. आधी दळलंत तर कार्बनही बारीक होऊन सगळीकडे मिसळतो, मग तो काढता येत नाही. क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. गव्हाच्या किंवा इतर काडाच्या राखेत पोटॅशियम आणि क्लोराइड जास्त असतं, त्यातलं क्लोराइड सळईला गंज आणतं आणि पोटॅशियममुळे ब्लॉकवर पांढरे मीठ फुटतात, म्हणून काड जाळण्याआधी पाण्याने धुतलं तर बराच फरक पडतो.

आता अंड्याची टरफलं. इथे गैरसमज खूप आहे. टरफलात ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे रसायन म्हणून ती चुनखडीच. चुनखडी तशीच दळून टाकली तर ती पोझोलान होत नाही, फिलर म्हणून काम करते, सिमेंटच्या कणांमधल्या जागा भरते, नवीन जेल वाढायला आधार देते, आणि सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी थोडी रिअ‍ॅक्ट होते. चुनखडी मिसळलेलं सिमेंट जगात नेहमीचंच आहे, त्यामुळे ५ ते १० टक्के टरफल पावडर हा काही वेडेपणा नाही. अडचण आतल्या पातळ पापुद्र्याची आहे. तो प्रथिनांचा असतो, सडतो, वास मारतो आणि सिमेंटचं सेटिंग लांबवू शकतो. युरोपियन मानक ईएन १९७-१ मध्ये सिमेंटमध्ये मिसळायच्या चुनखडीतल्या सेंद्रिय कार्बनला ०.५० टक्क्याची कमाल मर्यादा घातलीये, चांगल्या वर्गासाठी तर ०.२० टक्के, यावरून कळेल की ही गोष्ट किती गंभीरपणे घेतात. टरफलं धुऊन, पापुद्रा सुटा करून, वाळवून मगच दळा. काही लोक ४०० ते ५०० अंशाला भाजून पापुद्रा जाळून टाकतात, तेही चालतं. पण ८०० च्या वर भाजून त्याचा चुना करू नका. तसं केलंत की टरफलातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे सिमेंटच्या भट्टीत जे होतं तेच तुम्ही घरी केलंत, मग कशासाठी केला हा खटाटोप?

कॉफीचा चोथा वाळवून तसाच टाकायचा विचार पूर्ण सोडून द्या. नुसता कॉफीचा नाही, फळांच्या साली, भाज्यांचा कचरा, न धुतलेलं चिपाड, सगळंच. कारण साखर आणि तिच्यासारखे विरघळणारे पदार्थ. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे १०० किलो सिमेंटला फक्त ५० ग्रॅम, सेटिंग सुमारे ४ तास पुढे ढकलते, आणि हेच प्रमाण ०.२ टक्क्याच्या पुढे गेलं तर सिमेंट सेट होणं जवळपास थांबू शकतं. सुरुवातीच्या वर्षांत मी चिपाडाचे तंतू फक्त उन्हात वाळवून पॅनलमध्ये टाकले होते. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर वरचा थर बोटाने खचत होता, तिसऱ्या दिवशीही नख रुतत होतं आणि आंबट वास येत होता. तंतू दोनदा गरम पाण्यात उकळून, पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत धुतले तेव्हा कुठे तोच मिक्स वेळेत घट्ट झाला. तेव्हापासून न धुतलेली, न जाळलेली कुठलीही वनस्पती मी सिमेंटजवळ येऊ देत नाही.

पण चोथा फेकायलाच पाहिजे असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की कॉफीचा चोथा ऑक्सिजनशिवाय ३५० अंशाला भाजून त्याचा बायोचार केला आणि १५ टक्के वाळूच्या जागी वापरला तर काँक्रीटची ताकद जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली. वाक्यातला ‘वाळूच्या जागी’ हा शब्द नीट बघा, सिमेंटच्या जागी नाही. बायोचारचे छिद्रं असलेले कण पाणी धरून ठेवतात आणि आतून सावकाश सोडतात, त्याचा क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करायला, उपयोग होतो. आणि चोथा कुजून मिथेन व्हायचं तेही टळतं. तुमच्याकडे हवाबंद भाजायची सोय असेल तर जरूर करून बघा, नसेल तर चोथ्याचं खत करा, ते जास्त चांगलं.

नारळाच्या करवंटीचे तुकडे खडीऐवजी वापरता येतात, काँक्रीट हलकं होतं, पण करवंटी वजनाच्या २०-२५ टक्के पाणी पिते म्हणून ती आधी भिजवून घ्यावी लागते. काथ्या आणि इतर तंतूंनी तडे आवरले जातात, पण सिमेंटचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि त्यात तंतूतलं लिग्निन हळूहळू विरघळतं, तंतू ठिसूळ होतात. गंमत म्हणजे इथे राख परत मदतीला येते, ती चुना खाऊन टाकते आणि तंतू जास्त टिकतो.

एवढं सांगितल्यावर ग्रीनचं, म्हणजे पर्यावरणाचं, गणितही मांडतो, कारण कचरा वापरून सिमेंट वाचवायचा हेतू मला मनापासून पटतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट बनतं ते भट्टीतले खडे, १४५० अंशाला भाजतात पण दोष एकट्या इंधनाचा नाही, दर टन क्लिंकरमागे अर्धा टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निव्वळ चुनखडी फुटून येतो. म्हणजे भट्टी सूर्यावर चालवली तरी तो येणारच, म्हणून क्लिंकर कमी वापरणं हाच थेट उपाय. समजा एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट जातं आणि १५ टक्के बदललं, तर साधारण ५० किलो सिमेंट वाचलं, त्यातून ४० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचला. पण ब्लॉक कच्चे येतायत म्हणून तुम्ही नंतर ३० किलो सिमेंट परत वाढवलंत, राख दुरून ट्रकने आणलीत आणि दहातले दोन ब्लॉक तुटून फेकलेत, तर वाचलेलं सगळं गेलं. म्हणून टक्का बघू नका, एका धड ब्लॉकमागे एकूण सिमेंट किती गेलं ते मोजा. मी वहीत फक्त तोच आकडा लिहितो. आणि फक्त राखेसाठी म्हणून तूस उघड्यावर जाळू नका, त्याची उष्णता वापरली जात असेल तरच हे सगळं शोभतं.

तुमच्या जागी मी असतो तर पुढचे दोन महिने असे घालवले असते. आधी कपाची चाचणी आणि लॉस ऑन इग्निशन. दोन्ही बरे आले तर चार मिक्स: एक साधा, एक १० टक्के दळलेल्या राखेचा, एक १५ टक्क्याचा, आणि चौथा १० टक्के दळलेल्या क्वार्ट्झ वाळूचा. चौथा कोणी करत नाही पण तोच खरं सांगतो. प्रत्येक मिक्सचे क्यूब, म्हणजे फोडून ताकद मोजायचे चौकोनी ठोकळे, पाडा. राखेचा क्यूब आणि वाळूचा क्यूब २८ दिवसांना सारखेच निघाले तर राख नुसती जागा भरतेय, आणि राखेचा स्पष्ट वर गेला तर ती काम करतेय. सगळ्या मिक्सचं पाणी सारखं ठेवा, घट्टपणा प्लास्टिसायझरने सांभाळा, आणि क्यूब ७, २८ आणि ५६ दिवसांना फोडा. ७ दिवसांच्या निकालावर राखेला नापास करू नका, ती उशिरा जागी होते. टरफल पावडर दुसऱ्या फेरीत घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुमच्या ब्लॉकमध्ये सळई नाही म्हणून क्लोराइड आणि पीएचची चिंता कमी, उद्या सळईच्या लिंटेल किंवा खांबात हीच राख घालायची म्हणालात तर माझं उत्तर बदलेल, तिथे आधी क्लोराइड तपासून घ्यायचं. लगेच साचे रिकामे करायचे असतील तर १० टक्क्यावरच थांबा. राख दर लॉटला बदलत असेल तर टक्का कायमचा ठरवताच येणार नाही, गिरणीवाल्याशी बोलून एकाच ठिकाणची, एकाच प्रकारे जळलेली राख वेगळी काढून ठेवायला सांगा आणि प्रत्येक लॉटची कपाची चाचणी करा.

आणि जे ब्लॉक बनवून ठेवलेत ते लगेच फोडू नका. राखेची रिअ‍ॅक्शन पाण्यावर चालते, ते ब्लॉक ओल्या गोणपाटाखाली ठेवून २८ दिवस पूर्ण होईपर्यंत पाणी मारत राहा, मग त्यातले निदान ५-६ फोडून ताकद बघा. वाढली असेल तर वजन न येणाऱ्या भिंतीला वापरता येतील. नाही वाढली तर ते कोणाच्याही घराच्या भिंतीत जाऊ देऊ नका, तुकडे करून वाटेखाली भरणीला टाका, आणि लॉस ऑन इग्निशनचा आकडा आला की मला कळवा, त्यावरून पुढच्या मिक्सचं प्रमाण आपण बसून काढू.